दारातला बूट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. आधीच सांगून ठेवते, माझ्यात नाचायचं नाही, सगळी बटणं एकदम दाबायची नाहीत आणि दार लागत असताना मध्ये पाय घालायचा नाही. दारात येण्याचा मान आजवर मी एकाच बुटाला दिला आहे, आणि त्याची गोष्ट पुढे येईल. पण आत्मवृत्त म्हटलं की जन्मापासून सुरुवात करावी लागते, नाहीतर तुमच्या बाई गुण कापतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रे कापले, वाकवले, आतून लाकडी फळ्या मारल्या आणि मागच्या भिंतीवर माणसाएवढा आरसा बसवला. मग मला या चार मजली इमारतीत आणून पोलादी दोरांना टांगलं. गच्चीवर माझी मोटरची खोली आहे. तिथे मोटर आहे, मला जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक आहे, आणि एक लोखंडी पेटी आहे. त्या पेटीत टकटक करणारे स्विच आहेत. कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, ते सगळं तिथून ठरतं. दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांचं ओझं आहे. मी वर गेले की ते खाली, ते वर गेलं की मी खाली. जन्माचा शेजार, पण भेट होते ती मधल्या वाटेवर, तीही घाईघाईत.

सुरुवातीला काय थाट होता माझा! स्टुलावर बसणारा लिफ्टमन होता. तो रोज माझा आरसा पुसायचा. लोक नुसती मजा म्हणून वर जाऊन खाली यायचे. पुढे लिफ्टमन निवृत्त झाला, स्टूल कुणीतरी उचलून नेलं, आणि लोकांना माझी आठवण मी बंद पडले की यायला लागली. जगाची रीतच आहे ती. चालतंय तोवर कोण विचारतो?

माझ्या पहिल्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस आहे, दुसऱ्यावर विम्याचं. तिसऱ्यावर दातांचे डॉक्टर बसतात. त्यांच्याकडे जाणारी माणसं वर जाताना गाल धरून असतात आणि खाली येताना त्यांना स्वतःचा पत्ताही नीट सांगता येत नाही. पण माझी खरी वर्दळ चौथ्या मजल्याची. तिथे रोजगार कार्यालय आहे. माझ्या दारासमोर एक लांबलचक बाक आहे, बाकापलीकडे खिडकी, आणि खिडकीत नोंदणीच्या बाई.

त्या बाकावर बसायला जी मुलंमुली येतात, ती सगळी शिकलेली. कुणी रसायनशास्त्र केलेलं, कुणी अर्थशास्त्र. वर जाताना माझ्या आरशात बघून केस सारखे करतात, कॉलर ओढतात, उत्तरं पाठ करतात. एक जण तर इतकी वर्षं येतोय की मी त्याला चालीवरून ओळखते. तो आरशासमोर उभा राहून रोज तीन तऱ्हांनी ‘नमस्कार सर’ म्हणून बघतो. माझ्या लेखी त्याचं नाव नमस्कारवाला. वर जाताना आणि खाली येताना माणसाचं वजन सारखंच भरतं असं म्हणतात. मला नाही पटत. त्या मुलांना खाली आणताना माझे दोर जास्त ताणतात.

मग सरकारने एक योजना काढली. पदवी घेतलेल्या मुलांना कुठल्यातरी धंद्यात वर्षभर शिकाऊ म्हणून ठेवायचं, आणि त्यांचा पगार सरकारने द्यायचा. धंदेवाल्याने फक्त शिकवायचं. वर्षभरात मूल तयार झालं की त्याने त्याला कामावर ठेवून घ्यावं, अशी अपेक्षा. अपेक्षा बरं का, सक्ती नाही. बाकावरच्या मुलांना वाटलं, चला, निदान दार तरी किलकिलं झालं.

माझी देखभाल ज्यांच्याकडे आहे ते मालक पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन वर गेले. शहरातल्या पुष्कळ लिफ्टा त्यांच्याकडे आहेत, आणि त्या सांभाळायला मिस्त्री एकच. मालक माणूस वाईट नाही, पण फुकट मिळालं तर पावसातही भिजेल असा. पहिल्या वर्षीचा शिकाऊ भौतिकशास्त्राचा पदवीधर होता. त्याला मालकांनी आपल्या मुलांना शाळेत सोडायला लावलं. दुसरीने वर्षभर बिलं लावली. तिसरा निदान माझ्यापर्यंत पोचला, पण मिस्त्रींची पिशवी धरायला. वर्ष संपलं की प्रमाणपत्र, हातात हात, आणि पुढच्या शिकाऊसाठी नवीन अर्ज. गरज सरो, वैद्य मरो. ती मुलं पुन्हा माझ्यातूनच वर जायची आणि बाकावर बसायची, तीच कॉलर ओढत.

आता मिस्त्रींबद्दल सांगते. माझ्या सगळ्या आयुष्यात मला नीट ओळखणारा हा एकच माणूस. बोलणं खडबडीत, हात मऊ. या शिकाऊ मुलांवर त्यांचा राग होता. ‘येतात, बघतात, जातात,’ म्हणायचे. ‘मी काय प्रदर्शन लावलंय?’ म्हणून त्यांनी शिकवणंच सोडून दिलं होतं.

अशात ती आली. इतिहासात पदवी घेतलेली, वर्गात पहिली आलेली, पायात नाजूक सँडल. मिस्त्रींनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “इतिहास? मग ठीक आहे. ही लिफ्ट पण त्यातलीच.”

मला राग आला, पण ती हसली. मिस्त्री तिला नावाने हाक मारायचेच नाहीत. ‘ए पदवीधर, पाना दे. ए पदवीधर, बॅटरी धर.’ ती आपली मुकाट्याने धरायची आणि सारखं ‘का’ विचारायची. हे टकटक का करतं? दोर एक पुरला असता, इतके का? मिस्त्री वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

पहिल्याच महिन्यात तिने घोळ घातला. माझा ब्रेक कुरकुरत होता. मिस्त्री खाली गेलेले. हिला माझी दया आली आणि हिने ब्रेकला चांगलं सढळ हाताने तेल घातलं! अगं माझे आई! जो धरण्यासाठी आहे त्याला तेल? मी तिसऱ्या मजल्यावर थांबायला गेले ती घसरत घसरत चार बोटं खाली जाऊन थांबले. दातांच्या डॉक्टरांकडच्या एका बाईंचा पाय अडखळला. मिस्त्रींनी लगेच मला बंद केलं आणि आकाशपाताळ एक केलं. “सगळ्याला तेल लागतं गं, ब्रेकला नाही! एवढी पुस्तकं वाचलीस, एकात तरी हे नव्हतं?”

“नव्हतं, काका,” ती म्हणाली. “इतिहासात सगळे घसरतच आलेत.”

मिस्त्रींना हसू आवरेना. पण शिक्षा चुकली नाही. सगळा ब्रेक सोडवून, पुसून, घासून, कोरडा ठणठणीत करून तिनेच बसवायचा, असं ठरलं. दोन दिवस ती काळी होऊन घासत होती. तेव्हापासून माझा ब्रेक जसा धरतो तसा नवेपणीही धरत नव्हता.

त्यानंतर मिस्त्रींनी तिला बुटाचा नियम शिकवला. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझं दार पूर्ण लागल्याशिवाय मी जागची हलत नाही. जीव गेला तरी नाही. पण दुरुस्ती करताना कधीकधी दार उघडं ठेवून मला चालवून बघावं लागतं. तेव्हा पेटीत एक लाल वायर जोडतात. ती मला खोटंच सांगते की दार लागलंय, चल. तिला जंपर म्हणतात. काम झालं की जंपर काढायचाच. राहिला, तर मी दार उघडं ठेवून चालायला लागेन, आणि मग कुणाचा हात, कुणाचा पाय, देव जाणे. म्हणून मिस्त्रींच्या गुरूंनी त्यांना एक सवय लावली होती. जंपर लावला की पायातला एक बूट काढायचा आणि पेटीवर ठेवायचा. एका पायात बूट घालून कुणी घरी जात नाही. बूट घ्यायला गेलं की जंपर दिसतोच.

“उद्यापासून बूट घालून ये,” मिस्त्री तिला म्हणाले. “सँडल घालून जंपर लावायला मिळणार नाही.”

ती दुसऱ्या दिवशी जाडजूड बूट घालून आली. एक नंबर मोठे, बहुतेक कुणाचे तरी मागून आणलेले. त्या दिवशी माझ्यात शिरण्याआधी ती बाहेर फोनवर बोलत होती. माझ्यात दार लागलं की फोन लागत नाही, म्हणून सगळे बाहेरच उरकून घेतात. “हो आई, जेवले. हो गं, छान चाललीय नोकरी.” फोन ठेवून ती आत आली आणि मिस्त्रींना म्हणाली, “काका, घरी मी नोकरी लागली असं सांगितलंय. वर्षाचीच आहे हे नाही सांगितलं. आई शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. आता वर्ष संपल्यावर काय सांगू?”

मिस्त्रींनी पिशवीतला पाना उगाच पुसायला घेतला. त्यांना ठाऊक होतं वर्ष संपल्यावर काय होतं ते. मलाही ठाऊक होतं. मला आपलं उगाच वाटत राहिलं की या पोरीला मला पुन्हा बाकावर नेऊन सोडावं लागू नये.

महिने गेले. माझा आवाज ऐकून कुठला स्विच आळसावलाय ते ती सांगायला लागली. मिस्त्रींचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून गच्चीवरचे जिने बऱ्याचदा तीच चढायची. आणि मग तो दिवस आला.

त्या दिवशी मिस्त्रींचा पाय सुजला होता. बुटाची नाडी कशीबशी बांधलेली. त्यांनी दार तपासायला जंपर लावला, वाकून बूट काढायला गेले आणि कळ आली. ‘राहू दे आजच्या दिवस, लक्षात आहे माझ्या,’ असं पुटपुटले. तेवढ्यात मालकांचा फोन. दुसऱ्या इमारतीत माणसं अडकलीत, हातातलं टाका आणि पळा. मिस्त्रींनी घाईघाईत पिशवी भरली, माझ्यावरची ‘बंद आहे’ ही पाटी काढली, आणि दोघं जिन्याने उतरायला लागले.

जंपर पेटीतच होता.

तिसऱ्या मजल्यावर माझं दार उघडलं. दात काढून घेतलेले एक आजोबा काठी टेकत आत येऊ लागले. त्यांचा एक पाय आत, एक बाहेर. तेवढ्यात चौथ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. मला दिसत होतं की दार सताड उघडं आहे. पण पेटी सांगत होती, लागलंय, चल. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला पेटीचं ऐकावं लागतं. मी हलले. माझी पाचावर धारण बसली होती. आजोबा ओरडायला गेले, पण तोंडात कापूस.

याच्या जरासं आधी जिन्यात ती मिस्त्रींच्या मागून उतरत होती आणि तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली. “काका, तुमच्या दोन्ही पायांत बूट आहेत!”

“मग काय अनवाणी फिरू?” मिस्त्री म्हणाले, आणि जागच्या जागी पांढरे पडले.

तोवर ती पळाली होती. एक नंबर मोठे बूट आपटत ती गच्चीवर गेली आणि तिने मुख्य स्विच खाली ओढला. तिनेच घासलेल्या त्या ब्रेकने मला असं घट्ट धरलं की मी एक बोटभरही घसरले नाही. जमीन आणि मी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर पडलं होतं. आजोबा मागे बसले, काठी माझ्यात राहिली. त्यांना खरचटलंही नाही. माझ्या जिवात जीव आला.

मिस्त्रींनी जंपर काढला, आजोबांना पाणी दिलं आणि माझ्यात येऊन जमिनीवरच बसले. आरशात बघेनात. ती म्हणाली, “काका, कुणाला काही झालं नाही. आपल्या दोघांनाच माहीत आहे.”

“म्हणून काय झालं?” मिस्त्री म्हणाले. “आजोबांनाही माहीत आहे. फक्त त्यांना बोलता येत नाहीये.”

त्याच संध्याकाळी त्यांनी मालकांना माझ्यासमोरच फोन लावला आणि सरळ सांगितलं की चूक माझी, वाचवलं पोरीने. त्या दिवसापासून ‘ए पदवीधर’ बंद झालं. मालक फोनवर म्हणाले, “हो का? हुशार आहे हो. प्रमाणपत्रात लिहू आपण, ‘अतिउत्तम’.”

प्रमाणपत्रात! मिस्त्रींनी फोनकडे असं बघितलं की मला वाटलं, आता तो खाली आपटतात.

वर्ष संपलं. मालक, मिस्त्री आणि ती, तिघं मिळून माझ्यात शिरले. वर जाऊन मालक तिचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याची सही करणार होते आणि नवीन शिकाऊचा अर्ज देणार होते. ती आरशात बघत नव्हती. आपल्या बुटांकडे बघत होती. मला पहिल्यांदाच वाटलं, वाटेत बंद पडावं.

पण पडले नाही. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बाक भरलेला होता, टोकाला नमस्कारवाला बसला होता. मालक बाहेर पडून खिडकीपाशी गेले. मिस्त्री माझ्या उंबरठ्यावर थांबले, वाकले, त्यांनी कळ सोसत नाडी सोडली आणि बूट काढून माझ्या दारात ठेवला. माझं दार लागायला गेलं, बुटाला लागलं, परत उघडलं. पुन्हा लागायला गेलं, पुन्हा उघडलं.

“हे काय मिस्त्री?” मालकांनी विचारलं.

“जंपर लावलाय, मालक. आठवण राहावी म्हणून बूट ठेवलाय.”

“कसला जंपर?”

“दरवर्षी एक मूल आणायचं. त्याला नोकरीचं दार उघडं आहे असं खोटंच सांगायचं आणि शिकलं की घरी पाठवायचं. मी पुढच्या वर्षी जाणार. माझे गुडघे तुमच्यासमोर आहेत. मग तुमच्या सगळ्या लिफ्टा कोण बघणार? मी एक माणूस तयार केलाय. तिला ठेवून घ्या. नाहीतर नवीन येईल त्याला तुम्हीच शिकवा. ब्रेकला तेल घालतात की नाही, तिथपासून.”

मालकांचा चेहरा लाल झाला. खोटं कशाला बोलू, त्यांचीही बाजू होती. “मिस्त्री, सरकार पगार देतं तोवर ठीक असतं हो. नंतर खिशातून द्यायचा म्हणजे…”

“आणि त्या दिवशी आजोबांचा पाय गेला असता, तर तो कुणाच्या खिशातून भरला असता?”

एवढ्यात खालून आरडाओरडा सुरू झाला. तळमजल्यावरून पहारेकरी ओरडत होता, विम्याच्या ऑफिसातले बटण दाबून दाबून थकले होते, आणि तिसऱ्या मजल्यावरून गाल सुजलेलं कुणीतरी ‘लिफ्फ! लिफ्फ!’ म्हणत होतं. माझं दार आपलं बुटाला लागतंय आणि उघडतंय. “बूट काढा हो,” मालक गयावया करायला लागले. “लोक खोळंबलेत.”

“ही मुलंही खोळंबलीत,” मिस्त्री बाकाकडे हात करून म्हणाले. “ती नाही ओरडत, एवढंच.”

ती बिचारी माझ्या कोपऱ्यात उभी राहून “काका, राहू द्या ना,” म्हणत होती. काका राहू देणारे नव्हते. मालकांनी बाकाकडे पाहिलं, मिस्त्रींच्या उघड्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, आणि हातातला अर्ज घडी करून खिशात घातला.

“बरं बाबा, ठेवतो! कायमची ठेवतो. झालं?”

“मी ऐकलंय,” खिडकीतून नोंदणीच्या बाई म्हणाल्या. “या बाकाने पण ऐकलंय. शब्द फिरवायचा असेल तर दुसरा मजला शोधा.”

मालक हसले शेवटी. मिस्त्री बूट उचलायला वाकले, तर तिने त्यांचा हात धरला. “काका, एक मिनिट. दार उघडं आहे तोवर फोन लागतोय.” आणि तिने माझ्यातूनच आईला फोन लावला.

“आई, मला नोकरी लागली.”

फोनमधून आईचा आवाज बाकापर्यंत ऐकू गेला. “अगं, ती लागलीच होती ना?”

“हो,” ती म्हणाली. “आज परत लागली.” आणि ती रडायला लागली. मिस्त्रींनी बूट तसाच राहू दिला. खालचे लोक ओरडत राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मला उशीर झाल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मिस्त्री आता निवृत्त झाले आहेत. माझी देखभाल तीच करते. मालक काही रातोरात बदलले नाहीत, नवीन शिकाऊचा अर्ज त्यांनी केलाच. पण या खेपेला नमस्कारवाला आला. पहिल्या दिवशी तो माझ्या आरशात बघून ‘नमस्कार मॅडम’ म्हणायचा सराव करत होता, आणि ती त्याच्या मागेच उभी होती. ती म्हणाली, “नमस्कार पुरे. उद्यापासून बूट घालून या.” त्याला वर्षानंतर ठेवून घेतील की नाही, मला अजून माहीत नाही. बाक अजून भरलेलाच असतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. मला वेळेवर साफ करा, माझी कुरकुर ऐकून घ्या, आणि ब्रेकला तेल घालू नका. उद्या तुमच्यापैकी कुणी मालक झालं, तर शिकायला आलेल्याला खरंच शिकवा, आणि शिकला की त्याच्या तोंडावर दार लावू नका. माझ्या उंबरठ्यावर त्या बुटाचा काळा डाग अजून आहे. झाडूवाली पुसायला वाकली की आमची पोरगी तिला सांगते, “तेवढा राहू द्या, मावशी.”